पात्राला मानसिक आजार देताय? मग आधी आजाराचं कॅलेंडर काढा

"भरपूर वाचा आणि संवेदनशीलपणे लिहा" हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकलाय की आता खरंच चिडायला होतं, कारण वाचायचं नेमकं काय आणि वाचून झाल्यावर त्याचं करायचं काय हे कोणी सांगतच नाही. मी बरीच वर्षं अशी पात्रं लिहितेय, दर वेळी साधारण याच क्रमाने जाते, तो क्रम इथे देते.

आधी आजाराचं नाव ठरवा. कथेत ते येईल न येईल, पण तुमच्या वहीत हवंच, नाहीतर "काहीतरी मानसिक आहे" या नावाखाली प्रत्येक सीनला सोयीचं लक्षण चिकटवलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची यादी नेटवर फुकट वाचता येते, तिथून सुरुवात करा. अमेरिकेतले डॉक्टर डीएसएम हे मानसिक आजारांच्या निदानाचं पुस्तक वापरतात, दोन्हीत थोडे फरक आहेत, तुमच्या पात्राचा डॉक्टर कुठला आहे त्यावर ठरवा.

कथा जुन्या काळातली असेल तर साल तपासा. पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात घर करून राहणारा त्रास, हे निदान डीएसएममध्ये १९८० साली आलं, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या त्रासाला 'शेल शॉक' म्हणायचे. क्लोरप्रोमाझिन हे स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरचं औषध १९५० च्या दशकात वापरात आलं, ते १९४० सालच्या वॉर्डात दिसता कामा नये.

ढोबळ गैरसमज एका दुपारी निपटून टाका. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका शरीरात दोन माणसं नव्हेत, तो भास-भ्रमांचा आजार आहे, शब्दाचा मूळ अर्थ 'दुभंगलेलं मन' असल्यामुळे हा घोळ चालत आलाय. ओसीडी म्हणजे टापटिपीची हौस नव्हे, त्यात नको असलेले विचार डोक्यात घुसत राहतात आणि त्यांची भीती शमवायला माणूस तीच कृती पुन्हा पुन्हा करतो. भास म्हणजे नसलेलं ऐकू येणं किंवा दिसणं, भ्रम म्हणजे पुरावा दिला तरी न हलणारी चुकीची खात्री, हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. आणि खुनी कोण हे सांगायला "तो मनोरुग्ण होता" हे उत्तर देणार असाल तर कृपा करून प्लॉट बदला, असा आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यताच जास्त असते.

आता ती पायरी जिथे मी स्वतः अडकले होते. लक्षणांची यादी माझ्याकडे होती, एकही लक्षण चुकीचं नव्हतं, तरी माझी पहिली डिप्रेशनवाली नायिका खोटी होती. कथेत तिला गोळ्या सुरू होतात आणि तिसऱ्या दिवशी ती खिडकी उघडून पावसाकडे बघत हसते. मला तो सीन फार आवडायचा. ज्या ओळखीच्या बाईंनी तशीच औषधं घेतली होती त्यांना कथा वाचायला दिली, त्यांनी त्या पानावर बोट ठेवून एवढंच म्हटलं, "तिसऱ्या दिवशी मला मळमळत होतं गं." तेव्हा कळलं की मी लक्षणं वाचली होती, वेळ वाचलाच नव्हता. कथाकारांच्या बहुतेक चुका वेळेच्याच असतात असं माझं आता ठाम मत झालंय.

म्हणून कॅलेंडर काढा, अगदी खरंखुरं, कागदावर, महिन्यांचे रकाने पाडून. डीएसएमप्रमाणे डिप्रेशनच्या निदानाला लक्षणं किमान २ आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा भाग असावी लागतात, म्हणजे एक वाईट संध्याकाळ दाखवून भागत नाही. मेनियाचा, म्हणजे अतिउत्साहाने झपाटलेल्या अवस्थेचा, एपिसोड साधारण आठवडाभर तरी चालतो, मग बायपोलर, म्हणजे कधी मेनिया तर कधी डिप्रेशन येणारं, पात्र सकाळी नाचतंय आणि दुपारी रडतंय हे आलं कुठून? वर्षात ४ एपिसोड झाले तर त्याला 'रॅपिड सायकलिंग' म्हणतात, बघा, रॅपिड म्हणजे सुद्धा इतकंच. उलट पॅनिक अटॅक काही मिनिटांतच कळसाला पोचतो, तो अख्खं प्रकरणभर ताणू नका. स्किझोफ्रेनियात आवाज ऐकू येण्याच्या कितीतरी आधी, काही महिने किंवा वर्षंही, माणूस मित्रांपासून तुटत जातो, अभ्यास घसरतो, अंघोळ टळते, आणि घरच्यांना वाटतं आळशी झालाय. कथा तिथे असते, आवाजात नसते!

औषधांचा रकाना वेगळा ठेवा. डिप्रेशनच्या गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि त्रास मात्र आधी सुरू होतो, मळमळ, झोपेचा घोळ, कोरडं तोंड. बऱ्याचदा आधी झोप आणि भूक सुधारते, मन मागाहून. लिथियम हे बायपोलरवरचं औषध घेणाऱ्याला ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते, तहान लागते, हात थरथरू शकतात, म्हणजे चहाचा कप धरण्याच्या साध्या सीनमध्ये तुम्हाला आजार आणि उपचार दोन्ही मिळतात आणि एक शब्द समजवावा लागत नाही. गोळ्या एकदम बंद केल्या तर काय होतं तेही त्या-त्या औषधाचं वेगळं वाचा, पाकिटातला कागद उत्तम असतो, कोणी वाचत नाही इतकंच.

आणि मधले रिकामे महिने सोडू नका, त्यांच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. एपिसोड नसताना हा माणूस काय करतो, कामावर सुट्टीचं कारण काय सांगितलं होतं, साधी एक रात्र झोप लागली नाही तरी बायको पुन्हा होईल या भीतीने त्याच्याकडे कशी बघते. तो आनंदात असला की सगळे सावध होतात, हे किती एकटं पाडणारं असेल. माझ्या नायिकेचा पाऊस शेवटी गेलाच, त्या जागी आता सहाव्या आठवड्यात तिची बहीण बघते की उशाशी ठेवलेला कंगवा जागचा हललाय.

कॅलेंडर झाल्यावरच माणसांशी बोला, आधी नको, नाहीतर पुस्तकात मिळणाऱ्या गोष्टी विचारून त्यांना दमवाल. "कसं वाटतं?" विचारू नका, त्याचं उत्तर त्यांनी डॉक्टरला शंभरदा दिलेलं असतं. "तेव्हाचा एखादा मंगळवार सांगाल का, उठल्यापासून?" असं विचारा. कशासाठी विचारताय ते आधी स्पष्ट सांगा, कुठेही थांबायची मुभा द्या, आणि त्यांच्या आयुष्यातला ओळखू येईल असा प्रसंग उचलू नका, परवानगी दिली असली तरी मी नाही उचलत. आत्महत्येबद्दल स्वतःहून खोदू नका. कथेत ती येणार असेल तर पद्धत लिहायची नाही, तपशील नाही, हा माझ्याकडे बिनअपवाद नियम आहे, कारण वाचणारा त्या क्षणी कुठल्या अवस्थेत असेल ते आपल्याला कळत नाही.

सायकियाट्रिस्टना भेटता आलं तर कॅलेंडरच समोर ठेवा आणि "यात अशक्य काय आहे?" एवढंच विचारा, वीस मिनिटांत काम होतं.

लिहिताना पात्राला स्वतःचा आजार किती कळतो ते ठरवून घ्या. भ्रमात असलेल्याला तो भ्रम वाटतच नाही, त्यामुळे 'मी' म्हणून सांगणाऱ्या निवेदकाच्या तोंडी आजाराचं नाव घालू नका, त्याच्यासाठी शेजारी खरंच भिंतीतून ऐकत असतात. मेनियाच्या सुरुवातीला माणसाला अनेकदा झकास वाटतं, गोळ्या कशाला हव्यात असं वाटतं, ते झकास वाटणंही तितक्याच मनापासून लिहा.

शेवटी ड्राफ्ट दोन वाचकांना द्या, एक ज्याला तो आजार आहे किंवा होता, दुसरा ज्याने अशा माणसाची घरात काळजी घेतलीय. दोघांचं म्हणणं जुळणार नाही. जिथे जुळत नाही तिथे खुणा करा आणि त्या पानांवर परत बसा.