पोटाच्या पोकळीतले मॅक्रोफेज काढताय? या चुका टाळा

सांगली हळदीचं गाव, त्यामुळे इकडच्या बायोटेकच्या पोरांना उंदराच्या पोटात हळदीचा अर्क टोचायचा मोह आवरत नाही. पुढचं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी पोकळी धुवायची, फ्लो सायटोमीटरवर (रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) बघायचं, तर एफ४/८० हे ओळखीचं प्रथिन जास्त असलेले मोठे मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) गायब! एका प्रोजेक्टचं तर ‘हळद मॅक्रोफेज मारते’ असं पोस्टरही छापून झालं होतं. मग कुणीतरी नुसतं सॉल्व्हंट, म्हणजे अर्क ज्यात विरघळवतात ते द्रव, टोचलेला गट तपासला. तिथेही पेशी गायब. पोस्टर गुंडाळून ठेवलं.

त्या पेशी मेलेल्या नसतात. पोकळीत दाह झाला की मोठे मॅक्रोफेज गुठळ्या करतात, ओमेंटमला (पोटातल्या अवयवांवरचा चरबीचा पडदा) आणि पोकळीच्या अस्तराला चिकटतात, आणि धुतलेल्या पाण्यात येतच नाहीत. म्हणून तीन गट हवेतच: काहीच न टोचलेला, फक्त सॉल्व्हंटचा आणि अर्काचा. अर्कातलं एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) आधी मोजा, कारण एवढ्यानेही हा प्रकार घडतो. मेलेल्या पेशी ओळखणारा रंग वापरा आणि ओमेंटम फेकून देऊ नका, तेही रंगवून बघा.

दुसरी चूक आळसातून येते. पेशी कमी मिळतात म्हणून थायोग्लायकोलेट हे दाह घडवणारं द्रावण टोचायचं, तीन-चार दिवसांनी भरघोस पेशी काढायच्या आणि त्यांना ‘पोकळीतले रहिवासी मॅक्रोफेज’ म्हणायचं. त्यातले बहुतेक रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून नुकतेच झालेले असतात. खरे रहिवासी बरेचसे भ्रूणावस्थेतच येऊन बसतात आणि तिथेच विभागून संख्या टिकवतात. त्यांची ओळख जपणारं गाटा६ हे प्रथिन आजूबाजूच्या ऊतींकडून मिळणाऱ्या रेटिनोइक आम्लावर चालतं. म्हणूनच त्यांना बाहेर काढून नुसत्या माध्यमात ठेवलं की गाटा६ उतरत जातं. चार दिवस वाढवलेल्या पेशींवरून पोकळीतल्या पेशींबद्दल बोलणाऱ्यांना काय म्हणावं? काढल्या दिवशीच रंगवा.

धुण्याचं म्हणाल, तर ३ टक्के सीरम आणि २ मिलिमोलर ईडीटीए (पेशींच्या गुठळ्या होऊ न देणारं रसायन) घातलेलं ५ मिली बर्फगार पीबीएस (पेशींना सोसणारं क्षारांचं द्रावण) बारीक सुईने आत सोडा, पोट मिनिटभर हलकेच चोळा, मग जाड सुईने बाजूने सावकाश ओढा. मधोमध ओढलंत तर चरबी सुईत अडकते. सुमारे ४ मिली परत आलं की पुरे. घाईने ओढलंत तर रक्त येतं, आणि तो नमुना मी तरी बाद करते. एप्रिलच्या उकाड्यात पीबीएस टेबलावर ठेवून चहाला जाऊ नका. पेशी पॉलिस्टायरीनच्या नळीत गोळा करू नका, मॅक्रोफेज भिंतीला चिकटून बसतात. पॉलिप्रॉपिलीन घ्या.

रंगवताना एफसी ब्लॉक (प्रतिपिंडाची शेपटी पकडणाऱ्या पेशीवरच्या जागा आधीच झाकणारं द्रव्य) विसरलात तर मॅक्रोफेज प्रत्येक प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) चिकटतील.

नर-मादी एकत्र मोजू नका. नरांमध्ये जुन्या मॅक्रोफेजच्या जागी अस्थिमज्जेतून आलेले लवकर भरतात.