ऑफिस, डबा, भाजी: सायकल सामानासाठी अशी तयार करा

पुण्यात रोज सायकलने ऑफिसला जायचं आणि येताना मंडईतून भाजीपण आणायची असेल तर महागडी कार्गो सायकलच पाहिजे असं काही नाही, दूधवाले वापरतात तसली काळी २८ इंची बघा, दणकट असते, फक्त तिचे रॉड ब्रेक (तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे) पावसात नीट लागत नाहीत. साध्या सायकलला वेगळं कॅरियर लावणार असाल तर किती किलो झेपतं ते आधी बघा, बऱ्याच कॅरियरवर २५ किलो लिहिलेलं असतं. वजन दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत सारखं आणि जमेल तितकं खाली, वर रचलं की वळताना सायकल डुलते, आणि पट्ट्यांची टोकं खोचा नाहीतर चाकात गेलीच म्हणून समजा. दोन पायांचा स्टँड मस्ट.

आता लाइट. हब डायनॅमो, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा, चाक फिरलं की वीज बनवणारा, ६ व्होल्ट ३ वॅटचा, चार्जिंगची कटकट नाही, पण चाक नव्याने बांधून घ्यावं लागतं, त्यामुळे बहुतेकांना यूएसबीवाला पुरतो. पुढचा जरा खाली झुकवा, समोरच्याच्या डोळ्यात मारू नका. मागचा लाल लाइट कॅरियरच्या टोकाला लावा, सीटखालचा सामानामागे झाकला जातो, हे दुकानदार काही सांगत नाहीत. आणि पावसाळ्यात चार्जिंगचं रबरी झाकण घट्ट दाबा.