लहान मुलांचा नेटबॉल वर्ग चालवताय? या चुका टाळा

खो-खो आणि कबड्डीच्या मराठवाड्यात नेटबॉल, म्हणजे हातांनी पास देत चेंडू उंच रिंगमध्ये टाकायचा खेळ, अजून नवखा आहे. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या मुली हा खेळ खेळल्या. पण आपल्याकडे एखादे क्रीडा शिक्षक शाळेत वर्ग सुरू करतात, तेव्हा त्यांच्या हाताशी बहुधा मोठ्यांचेच नियम असतात: प्रत्येक बाजूला ७ खेळाडू, ३०.५ मीटर लांब आणि १५.२५ मीटर रुंद मैदान, ३.०५ मीटर उंचीवरची रिंग. पहिली-दुसरीतल्या लेकरांना हे जसंच्या तसं लावलं की हजेरी घटायला लागते. कारण साधं असतं. बऱ्याच लेकरांच्या हाती तासभर चेंडूच आलेला नसतो.

मोठ्यांची रिंग, मोठ्यांचा चेंडू

सात वर्षांच्या मुलीला दहा फुटांवरच्या रिंगमध्ये चेंडू टाकायला लावलं, तर ती तो कमरेपासून दोन्ही हातांनी वर भिरकावते. तेवढीच ताकद तिच्यात असते. ही सवय लागली की पुढे मोडायला फार वेळ जातो. ऑस्ट्रेलियात ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी ‘नेटसेटगो’ हा कार्यक्रम चालतो. त्यात रिंग २.४ मीटरवर, म्हणजे आठ फुटांच्या किंचित खाली असते आणि चेंडू ५ ऐवजी ४ नंबरचा असतो. आपणही तेच करावं. रिंग खाली आली की मुलगी चेंडू डोक्यावर धरते, कोपर चेंडूखाली आणते, गुडघे वाकवते आणि बोटांनी ढकलते. शिकवायचं आहे ते हेच.

बास्केटबॉलचा खांब आहे म्हणून त्यावरच भागवू नका. त्याची रिंग ४५ सेंटीमीटरची, मागे फळी. नेटबॉलची रिंग ३८ सेंटीमीटरची, आणि फळी नाहीच. फळीवर आपटून गोल करायला शिकलेलं मूल खऱ्या खांबासमोर गोंधळतं. गावातला वेल्डिंगवाला लोखंडी पाइपला सळईची गोल रिंग जोडून देतो आणि जुन्या टायरमध्ये काँक्रीट भरून बुड करता येतं. फक्त बुड भरपूर जड ठेवा, ते रेषेच्या बाहेर ठेवा आणि पाइपला डोक्याच्या उंचीपर्यंत फोम गुंडाळा.

वीस लेकरं, एक चेंडू, लांब रांग

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. रांगेत उभं राहिलेलं मूल आधी कंटाळतं, मग खोड्या काढतं, आणि आपण त्याला बेशिस्त म्हणतो. तीन-चार लेकरांमागे एक चेंडू हवा. तेवढे नेटबॉल परवडत नसतील तर पासिंगच्या सरावाला रबरी चेंडू किंवा जुना व्हॉलीबॉल चालतो. मैदानाचे चार कोपरे करा: एकात पासिंग, एकात शूटिंग, एकात पळापळीचा खेळ, एकात पाय रोवण्याचा सराव. दर दहा मिनिटांनी गट फिरवा.

सगळे चेंडूमागे धावतात

मोहोळाच्या माश्या उठल्यासारखी सगळी पोरं चेंडूकडे झेपावतात. अशा वेळी ‘लांब राहा, लांब राहा’ ओरडून काही होत नाही. मैदान लहान करा, चारास चार खेळवा, फक्कीने तीन भाग आखा आणि कोण कुठल्या भागात ते ठरवून द्या. चेंडू ३ सेकंदांत सोडण्याचा नियमही सुरुवातीला सैल ठेवा. पाच-सहा सेकंद मिळाले तर मूल मान वर करून बघतं की कोण मोकळं आहे. घाई केली तर ते डोळे मिटून फेकतं. समोर अडवणाऱ्याने ०.९ मीटर, म्हणजे तीन फूट लांब राहायचं असतं. लहानांना आणखी एक पाऊल मागे ठेवा.

पायांचा नियम शिट्टीने शिकवणं

आपली पोरं खो-खोत वाढलेली. हाती काही आलं की पळायचं, हे अंगात भिनलेलं. नेटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळता येत नाही. जो पाय आधी टेकला तो रोवलेला पाय. दुसऱ्या पायाने पाऊल टाकता येतं, रोवलेला उचलताही येतो, पण तो पुन्हा टेकायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे. हे सात वर्षांच्या मुलाला तोंडी सांगून समजत नाही. प्रत्येक वेळी शिट्टी वाजवली तर ते चेंडू मागायचंच सोडून देतं.

इथे आपल्याकडची लंगडी कामाला येते. दहा मिनिटं लंगडी खेळवा, एका पायावरचा तोल तिथेच तयार होतो. मग फक्कीने गोल आखा: उडी, एका पायावर टेकणं, थांबणं, पास. गुडघा वाकवून टेकायची सवय आत्ताच लावा. ताठ पायावर थांबण्याने पुढे गुडघे दुखावतात.

उंच मुलगी कायम गोल राखायला

माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान यानेच होतं. गोल करायचा अधिकार फक्त गोल शूटर आणि गोल अटॅक या दोन जागांवरच्या खेळाडूंना. त्यामुळे उंच पोरगी आठव्या वर्षी ‘गोल कीपर’ ठरली की ती वर्षभर रिंगकडे एक चेंडूही टाकत नाही. ती उंची पुढे टिकेलच असंही नाही. इंग्लंडमध्ये ९ ते ११ वयासाठी पाच-पाच जणांचा ‘हाय फाइव्ह’ प्रकार बरीच वर्षं चालला. त्यात प्रत्येक खेळाडू आळीपाळीने सगळ्या जागा खेळायचा, आणि बाहेर बसलेली मुलं वेळ धरायची, गुण लिहायची. हे आपल्याकडे सहज जमतं. दर काही मिनिटांनी बिब (अंगावर घालायचा, जागेचं नाव लिहिलेला पट्टा) बदला, वहीत कोण कुठे खेळलं ते टिपा.

बीडकडच्या गावांत याला आणखी एक कारण आहे. दिवाळीच्या सुमारास कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि अर्धा संघ रिकामा होतो. सगळ्यांना सगळ्या जागा येत असतील तर उरलेल्यांचा खेळ चालू राहतो. ती लेकरं परत येतात तेव्हा त्यांना ‘तुझी जागा गेली’ असं कुणी म्हणू नये. पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती बिब द्या.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

काचेच्या बांगड्या, पैंजण, कानातले खेळाआधी उतरवा आणि नखं तपासा. ओरखडे डोळ्याजवळ उठतात. काळ्या मातीवर मैदान करू नका: पावसात पाय रुततो, उन्हाळ्यात भेगांत घोटा मुरगळतो. मुरूम टाकून रोलर फिरवलेली जागा बरी. मार्चपासून सराव सकाळी लवकर आटपा, दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी प्यायला थांबा. टँकरच्या गावात पाण्याचा जार कोण आणणार, हे आदल्या दिवशीच ठरलेलं असावं.

पाचवीनंतर मुली येईनाशा झाल्या तर आधी वेळ आणि घरी परतायची वाट तपासा. सराव दिवेलागणीच्या आत संपवा, एका वस्तीवरच्या मुलींना एकत्र पाठवा, आणि आयांना एकदा मैदानावर बोलावून लेकीचा खेळ दाखवा.