केकची केळी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी केळ्यांची फणी मुद्दाम अर्धी हिरवी आणते. पिकलेली आणली तर रविवारच्या केकपर्यंत घरातले एकही शिल्लक ठेवत नाहीत.

खायला केळं पिवळं झालं की पुरे. केकला मात्र सालीवर काळे ठिपके दाट होईपर्यंत थांबायचं, कारण तोवर आतल्या स्टार्चची साखर झालेली असते. घाई असेल तर फणी कागदी पिशवीत घालून सोबत एक पिकलेला चिकू ठेवा. फळातून सुटणारा इथिलीन वायू आत कोंडला की दोन-तीन दिवसांत काम होतं. सासूबाई तांदळाच्या डब्यात पुरतात, तत्त्व तेच. प्लास्टिकची पिशवी नको. आपल्या पावसाळी हवेत आत घाम धरतो आणि देठाला बुरशी येते.

हिरवी केळी फ्रीजमध्ये ठेवायची नाहीत. मी एकदा ठेवली. साल काळीकुट्ट आणि आत सुरणासारखी कडक! साधारण 13 अंशांखाली केळ्याचं पिकणं बिघडतं. ओव्हनमध्ये भाजून काळी करायची युक्तीही करून पाहिली. केळं मऊ होतं, पण गोडी येत नाही.

ठिपके दाट झाले की साल काढून कुस्करायचं, लिंबाचे चार थेंब घालायचे आणि 250 ग्रॅमची एकेक पिशवी चपटी थापून, तारीख घालून फ्रीजरमध्ये. सालीसकट गोठवू नका, नंतर सोलताना हात गारठतात आणि चिडचिड होते ती वेगळीच. वितळल्यावर सुटलेलं पाणी फेकायचं नाही. तेच पिठात घालायचं आणि दूध दोन चमचे कमी करायचं.

मानकुराद आंबा मे महिन्यात गवतात अढी घालून पिकवते. एकच थर लावते, रोज हात फिरवते आणि डागाळलेला आंबा लगेच बाजूला काढते. गर कढईत थोडा आटवून, गार करूनच गोठवते, नाहीतर केक मधोमध बसतो. अननसाला हा खटाटोप नाही. तोडल्यावर तो गोड होत नाही, त्यामुळे बुडाचा वास घेऊनच घ्यायचा.

पावसात वीज बराच वेळ गेली आणि पिशव्या पूर्ण वितळल्या, तर पुन्हा गोठवत बसू नका. गर अजून थंड असेल तर वीज येताच ओव्हन लावा. गेल्या जूनमध्ये मी एका दिवसात चार केक भाजले आणि अख्ख्या वाड्यावर वाटले.