पाहुणा कवी बोलावताना
तालुक्याच्या कॉलेजात वाङ्मय मंडळाची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा पहिली चूक तारखेचीच झाली: २७ फेब्रुवारी. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी बऱ्या कवीला चार ठिकाणची आमंत्रणं असतात. तुम्ही दिवाळीनंतरचा एखादा शनिवार धरा, सकाळी साडेदहा. दुपारी ठेवलंत की एसटी गाठायला अर्धी पोरं मध्येच उठतात आणि वाचणाऱ्याचा सूर जातो.

मानधनाचा आकडा फोनवरच सांगा. 'यथाशक्ती' म्हणू नका. प्रवासखर्च वेगळा. आमच्याकडे एकदा चेकवर सही राहिली आणि कवयित्री तशाच परत गेल्या. अजून लाज वाटते.

सभागृहापेक्षा ग्रंथालयाची वाचनखोली बरी. ६० खुर्च्या पुरतात, आणि मागची रांग मोबाईलमध्ये शिरत नाही. माइक आदल्या दिवशी तपासा. 'हॅलो हॅलो' म्हणून नव्हे, पंखे चालू ठेवून अख्खी कविता वाचून. घरघर तेव्हाच कळते.

खरं काम आठवडाभर आधीचं. पाहुण्यांच्या दोन कविता झेरॉक्स करून वर्गात वाचून घ्या. नाहीतर 'तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?' हा प्रश्न ठरलेलाच.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्राचार्यांचं मनोगत, सगळं १० मिनिटांत. (प्राचार्यांना आवरायची युक्ती: त्यांनाही एक कविता वाचायला द्या.) वाचन ४० मिनिटं, गप्पा २०. शाल-श्रीफळाच्या पैशांत आम्ही पाहुण्यांच्याच संग्रहाच्या प्रती घेतो आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलांना पाहुण्यांच्या सहीनिशी देतो.