कॅव्हियार खायला जायचंय? आधी डबा दाखवा म्हणा

धरमपेठेत माझं टूर्सचं छोटं ऑफिस आहे. मॉस्को-सेंट पीटर्सबर्गचं पॅकेज विचारायला आलेल्यांपैकी एखादा तरी चहा संपता संपता विचारतोच, "ताई, ते कॅव्हियार कुठं चांगलं मिळते?" कॅव्हियार म्हणजे माशाची खारवलेली अंडी, रशियन जेवणातली महागडी चीज. एखाद्या हॉटेलाचं नाव सांगून मोकळं होता येतं. पण शेफ बदलतो, मालक बदलतो, आणि शिव्या मला पडतात. म्हणून मी नाव देत नाही, फोनवर काय विचारायचं ते शिकवते. मुंबई-दिल्लीच्या पंचतारांकित हॉटेलात जा, गोव्यात मोरजीमला जा नाहीतर थेट मॉस्कोला, प्रश्न तेच.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला आम्ही एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या ठिकाणी गेलो होतो. मेनूवर नुसतं 'ब्लॅक कॅव्हियार'. बशीत उकडलेल्या अंड्याचे अर्धे भाग, त्यावर आंबट साय आणि वर काळे दाणे. फोटो काढेपर्यंत त्या पांढऱ्या सायीवर शाईसारखा करडा ओघळ उतरला. ती लम्पफिश नावाच्या स्वस्त माशाची रंगवलेली अंडी होती, हे मला फार नंतर कळलं. आमच्या ह्यांनी बिल पाहिलं आणि म्हणाले, "काहून गं, एवढ्यात तर सावजीत सगळं खानदान जेवलं असतं!"

तर पहिला प्रश्न: मासा कोणता? खरं कॅव्हियार म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली अंडी. बेलुगाचा दाणा मोठा, करडा. ओसेत्राचा मध्यम, तपकिरी ते सोनेरी. सेव्रुगाचा बारीक आणि गडद. फोनवरचा माणूस "इम्पोर्टेड आहे मॅडम" एवढंच म्हणत राहिला तर समजून जा. रशियन भाषेत 'इक्रा' हा शब्द कुठल्याही माशाच्या अंड्यांना चालतो. लाल इक्रा म्हणजे सामनची अंडी. तीही चवदार असतात, पण काळ्याचे पैसे देऊन लाल खाऊ नका. आणि वांग्याचीही इक्रा असते बरं का! आपल्या भरिताची चुलत बहीणच.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा: टेबलावर डबा दाखवता का? आपण बाजारात रोहूचा कल्ला उचलून पाहिल्याशिवाय पैसे काढत नाही, मग इथं लाजायचं कशाला? स्टर्जनच्या सगळ्या जाती 1998 पासून सायटिस या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आल्या आहेत, आणि त्याच्या नियमाप्रमाणे डब्यावर एक कोड असतो. पहिली तीन अक्षरं माशाची: एचयूएस म्हणजे बेलुगा, जीयूई म्हणजे रशियन ओसेत्रा, एसटीई म्हणजे सेव्रुगा. मग एक अक्षर: 'सी' असेल तर मासा तळ्यात पाळलेला, 'डब्ल्यू' असेल तर रानटी. त्यानंतर देश आणि साल. देशाच्या जागी 'सीएन' दिसलं तर नाक मुरडू नका. आज जगातलं सर्वांत जास्त कॅव्हियार चीनमध्येच तयार होतं आणि भल्याभल्या हॉटेलांत तेच जातं. 'कॅस्पियन समुद्रातून खास तुमच्यासाठी' असं मेनूवर लिहून डब्यावर 'सीएन' निघालं, तर मात्र उठा.

डबा तुमच्यासमोर फोडला तर उत्तम. एकदा उघडलं की दोन-तीन दिवसांतच चव उतरते. म्हणून तीस ग्रॅमचा छोटा डबा ठेवणारं ठिकाण मला जास्त भरवशाचं वाटतं. दोघांना चाखायला तेवढं पुरतं. दर ग्रॅमवर लिहिलेला हवा, 'पोर्शन'वर नको. खाली बर्फ हवा. चमचा शिंपल्याचा असावा. चांदीचा आला तर परत पाठवा, दाण्याला धातूची चव लागते. 'मालोसोल' म्हणजे कमी मिठाचं, तेच मागा. नुसत्या खारटपणानं जीभ आखडली तर मिठाखाली काहीतरी लपवलं आहे असं समजा.

बाकी रशियन जेवणाची परीक्षा सोपी आहे. मेनूत नुसतं रशियन सॅलड, स्ट्रोगानॉफ आणि चिकन कीव्ह असेल तर तो जुन्या क्लबांचा मेनू झाला. आपल्या लग्नातल्या अननस घातलेल्या सॅलडचं मूळ मॉस्कोच्या हर्मिटाज रेस्टॉरंटात एकोणिसाव्या शतकात ऑलिव्हिए नावाच्या शेफनं केलेलं, पण त्यात अननस नव्हता! पेल्मेनी (मोमोसारखे मांस भरलेले गोळे), उखा (माशाचं सूप), सोल्यान्का (आंबटसर दाट सूप), काशा (शिजवलेलं धान्य), यातलं दोन-तीन तरी दिसलं पाहिजे. ब्लिनी, म्हणजे कॅव्हियारसोबतची धिरडी, यीस्ट घालून फुगवलेले आहेत का तेही विचारा. बोर्श्त, म्हणजे बिटाचं सूप, असेलच. युक्रेनी बोर्श्त बनवण्याची परंपरा 2022 मध्ये युनेस्कोनं आपल्या वारसा यादीत घेतली आहे.

शाकाहारी मंडळींसाठी वेगळी काळजी. बोर्श्त बिटाचा लाल दिसतो म्हणून साधा नसतो, खाली बहुतेक वेळा हाडांचा रस्सा असतो. माझ्या सासूबाईंना मी 'पोस्तनोये' हा एकच शब्द पाठ करून दिला होता. ईस्टरआधीच्या उपवासात ऑर्थोडॉक्स लोक मांस-अंडी-दूध सोडतात, तेव्हा त्या जेवणाला हे म्हणतात. बटाटा भरलेले वारेनिकी (उकडलेल्या करंज्याच म्हणा), मशरूम, वांग्याची इक्रा असं बरंच निघतं. फक्त शेपू सगळीकडे. शेपूचं नाव काढलं की ताट सरकवणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवावं. सासूबाईंना मात्र तेच आवडलं.

गेल्या वर्षी मी मॉस्कोला पाठवलेल्या एका काकांचा रात्री फोटो आला. ना ब्लिनी, ना झुंबर, ना काकू. नुसता डब्याचा बूड. खाली लिहिलेलं, "ताई, जीयूई, सी. वेटर उभा आहे. फोडू देऊ का?"