हौशी वाद्यवृंदासाठी पियानो कॉन्चेर्टो कसा निवडावा

पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे एकल पियानो आणि वाद्यवृंद यांच्या संवादाची रचना, निवडताना ‘पियानोवादकाला जी रचना आवडते ती घ्या, वाद्यवृंद मागून तयार होतो’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. पियानोवादक घरी रोज रियाज करू शकतो. जळगाव, भुसावळ आणि धुळ्याहून जमणारे हौशी वादक मात्र आठवड्यातून जेमतेम एकदा एकत्र बसतात. म्हणून निवडीची सुरुवात वाद्यवृंदापासूनच करावी.

प्रथम हाताशी असलेल्या वादकांची यादी करावी. ‘बहुधा येतील’ अशी नावे तीत धरू नयेत. ग्रीग किंवा रखमानिनोव्ह या संगीतकारांच्या कॉन्चेर्टोंना ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्यासकट पूर्ण वाद्यवृंद लागतो, तेव्हा ते तिथेच बाजूला ठेवावेत.

यापुढचा टप्पा खरा अवघड आहे आणि मला तो उमगायला बराच काळ लागला. रचनेतील कोणती फुंकवाद्ये वगळता येतात, हे मुखपृष्ठावरच्या यादीवरून कधीही कळत नाही. त्यासाठी संपूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली स्वरलिपी) उघडून प्रत्येक फुंकवाद्याची ओळ शेवटपर्यंत वाचावी आणि ते वाद्य बोलत असताना तंतुवाद्ये गप्प आहेत अशी प्रत्येक जागा पेन्सिलीने खुणावून ठेवावी. अशा जागा नसतील तर ते वाद्य केवळ रंग भरते आहे. असतील तर त्याला वगळणे म्हणजे रचनेचा तेवढा भाग पुसून टाकणेच होय. मोत्झार्टचा १७८६चा ए मेजर या स्वरपट्टीतला कॉन्चेर्टो, के. ४८८ (‘के.’ म्हणजे मोत्झार्टच्या रचनांच्या क्योखेल सूचीतला क्रमांक), लहान वाद्यवृंदासाठी वारंवार सुचवला जातो. पण त्याच्या संथ भागाच्या मध्यावर येणारी ए मेजरमधली सुरावट बासरी आणि क्लॅरिनेटच मांडतात. ती दोन्ही वाद्ये चांगल्या हातांत नसतील तर ही रचना घेऊच नये. फुंकवाद्यांचा सगळा भाग दुसऱ्या कीबोर्डवर वाजवून घ्यावा, असेही सांगितले जाते; त्यामुळे कॉन्चेर्टोतील संवादच नाहीसा होतो, म्हणून मला हा मार्ग मुळीच मान्य नाही.

याउलट के. ४१३, ४१४ आणि ४१५ हे तीन कॉन्चेर्टो फुंकवाद्यांसह किंवा केवळ चार तंतुवाद्यांच्या साथीनेही वाजवता येतात, हे मोत्झार्टने स्वतःच जानेवारी १७८३मध्ये व्हिएन्नातील जाहिरातीत सांगितले होते. आपल्यासारख्यांनी प्रथम या तिघांकडेच पाहावे. त्यांतून एक निवडताना मात्र स्वरपट्टीचा विचार टाळता येत नाही. के. ४१४ ए मेजरमध्ये आहे. व्हायोलिनच्या डी, ए आणि ई या मोकळ्या तारा त्या पट्टीत सहज बोलतात, त्यामुळे नवशिक्यांचा सूरही सावरला जातो. परंतु आपल्याकडे ओबो हे फुंकवाद्य मिळत नाही आणि त्याची ओळ लग्नाच्या बँडमधल्या बी फ्लॅट क्लॅरिनेटला द्यायची झाली, तर तो लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली वाजत असल्याने ती एक स्वर वर लिहावी लागते, म्हणजे ए मेजरचा बी मेजर होतो आणि वादकापुढे पाच शार्प (स्वर चढवण्याच्या खुणा) येतात. एफ मेजरमधला के. ४१३ त्याच क्लॅरिनेटला जी मेजरमध्ये, एकाच शार्पवर मिळतो. माझे मत स्पष्ट आहे: क्लॅरिनेट असतील तर के. ४१३, नुसती तंतुवाद्ये असतील तर के. ४१४. बाखचा एफ मायनर कॉन्चेर्टो आखूड आणि केवळ तंतुवाद्यांचा असल्यामुळे मोह पाडतो. पण चार फ्लॅटच्या (स्वर उतरवण्याच्या खुणांच्या) त्या पट्टीत हौशी व्हायोलिनांचा सूर फार लवकर ढळतो.

व्हायोला (व्हायोलिनपेक्षा खालच्या सुरांचे तंतुवाद्य) नसेल तर तिची ओळ तिसऱ्या व्हायोलिनला द्यावी, परंतु खालच्या सी तारेवरचे स्वर व्हायोलिनवर मिळत नसल्याने ते एक सप्तक वर घ्यावे लागतात. जिथे चेलो थांबतो आणि व्हायोलाच खर्ज सांभाळते, तिथे तेवढ्यापुरता चेलोच पुन्हा घालावा.

पियानो कोणता मिळणार, हे रचना ठरण्याआधी माहीत हवे. ६१ पट्ट्यांचा नेहमीचा कीबोर्ड सीपासून सुरू होतो, तर मोत्झार्टचा पियानो त्याखालच्या एफपर्यंत उतरत असे. म्हणून ८८ पट्ट्यांचेच वाद्य घ्यावे. खानदेशच्या उन्हाळ्यात कोरडे पडलेले लाकूड आकसून जुन्या पियानोचा सूर ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराखाली उतरतो. तंतुवाद्ये त्याच्याशी जुळवून घेतात, क्लॅरिनेटला फार खाली येता येत नाही. असाच पियानो वाट्याला येणार असेल, तर फुंकवाद्यांविना वाजणारी रचनाच घ्यावी.

कॅडेन्झा, म्हणजे वाद्यवृंद थांबल्यावर पियानोने एकट्याने वाजवायचे भाग, मोत्झार्टच्याच वाजवाव्यात.

तारीख शक्यतो पौषात धरावी. तुळशीच्या लग्नानंतर बँडचे वादक हाती लागत नाहीत. पौषात लग्ने नसल्यामुळे ते तालमीला येतात आणि थंडीमुळे दुपारची तालीमही सुसह्य होते.